ताईला सिकल नाही

आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, वामनराव कंडक्टरच्या मोठ्या पोरीला काय झालं आहे, तर सांगतील, सिकल. हापशीवर विचारा, पीठगिरणीत विचारा, चामोर्शीच्या स्टँडवरच्या चहावाल्याला विचारा. सगळ्यांना माहीत आहे. फक्त रश्मीताईला सिकल नाही, एवढीच काय ती अडचण. आणि हे मला माहीत असून मी कोणाला सांगायचं नाही, असं आईने मला बजावलं होतं. मला. जिने याच वर्षी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर काढला, जिला अकरावीच्या सरांनी भर वर्गात "विशाखा, मधेमधे श्वासही घेत जा" असं सांगितलं, तिला.

सिकल म्हणजे सिकलसेल, रक्ताचा आजार. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे गल्लीगल्लीत एकतरी सापडतो. ज्याला तो खरा आहे त्याचे हातपाय, सांधे असे दुखतात की माणूस गुरासारखा ओरडतो. काहीजण नुसते वाहक असतात. त्यांना काहीच होत नाही, पण दोन वाहकांचं लग्न झालं तर पोराला तो आजार होऊ शकतो. म्हणून आमच्यात सोयरीक जुळवताना पत्रिका बघत नाहीत, रक्त बघतात. ताई वाहक आहे. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आधीच बाबांनी तसं पाहुण्यांना सांगितलं होतं, संघपाल भाऊजींचं रक्त तपासलं, त्यात काही नव्हतं, विषय संपला. लग्न झालं आणि ताई घुग्घुसला गेली. भाऊजी तिथे कोळसा खाणीत आहेत. घरी ते आणि त्यांची आई बायनाबाई, दोघंच.

दीड वर्षाने, सोळा ऑक्टोबरला, चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, दीक्षाभूमीवर आम्ही सगळे भेटलो. वंदना झाली, जेवणं झाली, आणि परत निघताना ताई घुग्घुसच्या गाडीत न बसता आमच्या गाडीत येऊन बसली. पिशवीसुद्धा नव्हती तिच्याजवळ. आई म्हणाली, "चार दिवस राहू दे लेकीले." बायनाबाई म्हणाल्या, "राहू द्या ना." चार दिवसांचा महिना झाला. ताई कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि धान निवडायची. एवढं निवडलेलं धान आमच्या घराने आजवर पाहिलं नव्हतं.

मग एक दिवस शेजारच्या भागीरथाबाईंनी हापशीवर आईला गाठलं. "रश्मी नाई गेली अजून? तब्येत बरी नाई का?"

"नाई ना बाई. दुखते तिचं."

"काय दुखते?"

आता इथे आईने काहीही म्हणायचं होतं. दाढ म्हणायचं होतं. पण भागीरथाबाईंच्या लच्छूला खराखुरा सिकल आहे, तो महिन्यातून एकदा तरी अंथरुणाला लागतो, ते दुखणं सगळ्या गल्लीला पाठ आहे. ते मोठ्याने सांगता येतं, त्यावर रडता येतं, त्याला कोणी हसत नाही. आईच्या तोंडून निघून गेलं, "सिकलचं."

संध्याकाळपर्यंत भागीरथाबाई स्वतःच्या पोराची रबरी गरम पाण्याची पिशवी घेऊन आमच्या दारात. "पोट्टे, पाणी भरपूर पी. थंडीत बाहेर निघू नको. लच्छूले मी अशीच शेकतो." ताईने ती पिशवी हातात घेतली आणि तिच्याकडे असं बघितलं, जसं कोणी चुकून दुसऱ्याच्या घरचं पार्सल आणून दिलं आहे.

मला तोवर वाटत होतं की खरंच सिकल. मीच शहाणी, मी म्हटलं, "ताई, पण तू तर वाहक आहेस. वाहकाचं दुखत नाही, आम्हाला सरांनी शिकवलं."

ताई चुलीसमोर बसून भाकरी थापत होती. म्हणाली, "नाई दुखत सिकल. तुले कोण म्हटलं सिकल दुखते?"

"मग काय दुखते?"

तिने भाकरी उलटली. मग म्हणाली, "लग्नाचं दुखते."

मला आधी कळलं नाही आणि मग एकदम कळलं, आणि माझी कानशिलं तापली. मी वक्तृत्ववाली असले तरी या विषयावर मी भाषण केलेलं नाही. आमच्या जीवशास्त्राच्या बाईंनी तो धडा "घरी वाचून घ्या" म्हणून सोडला होता आणि आम्ही सगळ्याजणींनी घरी तो वाचला होता, पण त्यात दुखण्याबद्दल एक ओळसुद्धा नाही. आकृती आहे, बाण आहेत, नावं आहेत.

"पहिल्या दिवसापासून," ताई भाकरीकडे बघत बोलत होती. "तिखट लागल्यावानी जळते. आणि अंग आपोआप आवळते वं, मी नाई आवळत. जवळ आलं का आवळते. काहीच होत नाई, नुसतं दुखते."

"भाऊजी मारतात का?"

"नाई. तो तसा नाई. पहिले पहिले थांबे, पाणी आणून दे. मग त्यालेबी वाटाले लागलं, मी नाटक करून राह्यली. म्हणे, तुले मी पसंत नाई तं सांगून टाक." तिने भाकरी तव्यावरून काढली. "मले पसंत हाय वं तो."

"आईला सांगितलंस?"

"सांगतलं. आई म्हणे, सगळ्याइले दुखते, लेकरू झालं का जाते."

आता मला सांगा, जे झाल्याशिवाय लेकरू होत नाही ते होताना जर दुखत असेल, तर लेकरू झाल्यावर जाईल हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात? मी हेच आईला विचारलं. आईने लाटणं उचललं. मारलं नाही, पण उचललं.

तरी माझ्या कटकटीने आई तिला डॉक्टरकडे न्यायला तयार झाली. आधी इथल्याच एका डॉक्टरकडे. तिथे आई दारातूनच म्हणाली, "सिकल हाय, दुखते," आणि डॉक्टरांनी मान वर न करता लाल-पिवळ्या गोळ्या लिहिल्या. ताईने तोंड उघडलंच नाही. उघडायला जागाच नव्हती, पुढचा पेशंट येऊन स्टुलावर बसलासुद्धा.

मग गडचिरोलीला, एका मॅडमकडे. बायांच्या डॉक्टर. मला वाटलं, आता झालं काम. मला बाहेर बाकावर बसवलं, कारण मी कुमारिका. पण मधे नुसता पडदा होता आणि मॅडमचा आवाज माझ्यासारखाच होता.

"मुलं किती?"

"एकबी नाई," आई म्हणाली.

"लग्नाला?"

"दीड वर्ष होते," आई म्हणाली.

"पाळी?"

"येते बरोबर," आई म्हणाली.

ताई त्या खोलीत होती की नव्हती असा मला प्रश्न पडला. मग तिच्यासाठी एकच वाक्य आलं, "झोप तिथे." थोड्या वेळाने टेबल करकरलं, काहीतरी खाली पडलं, आणि मॅडम म्हणाल्या, "अजून हात नाही लावला मी आणि तू वर सरकून भिंतीला चिकटली. असं केलं तर मूल कसं होईल?"

"दुखते मॅडम," ताई म्हणाली. एवढंच म्हणाली, पण म्हणाली.

"पहिल्यांदा सगळ्यांना दुखते."

"दीड वर्ष झालं मॅडम."

आतमध्ये सगळं शांत झालं. मी बाकावरून उठलेच होते. मला वाटलं आता मॅडम विचारतील, कुठे दुखते, केव्हा दुखते, कसं दुखते. पण माझ्या आईला शांतता सहन होत नाही. तिने ती भरून काढली. "तिले सिकल हाय ना मॅडम."

"मग आधी नाही का सांगायचं?" मॅडमच्या आवाजात इतकी सुटका होती की काय सांगू. "बाकी सगळं नॉर्मल आहे. रक्त तपासून घ्या. आणि मनातली भीती काढून टाक, दूध पीत जा."

रक्त तपासलं. पॉझिटिव्ह आलं. येणारच. त्या साध्या तपासणीत वाहकाचंही पॉझिटिव्हच येतं. वाहक की पेशंट हे कळायला दुसरी, मोठी तपासणी लागते. ताईची ती कॉलेजात असताना शिबिरात झाली होती. मी हे लॅबवाल्याला सांगितलं, तो म्हणाला, "तू डॉक्टर आहेस का?" मी म्हटलं, "अजून नाही." आई मला ओढत बाहेर घेऊन गेली.

परतीच्या बसमध्ये बाबाच कंडक्टर होते. हे आमच्या घरचं वैशिष्ट्य, कितीही मोठं भांडण असलं तरी ते पन्नास प्रवाशांसमोर करावं लागतं. बाबांनी चिमट्याने पुढच्या माणसाचं तिकीट टोचलं आणि आमच्या सीटपाशी आले.

"काय निघालं?"

"जे नाही ते निघालं," मी म्हटलं.

"हळू."

"बाबा, ताईला ते नाही. तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच साक्षगंधाच्या आधी सांगितलं होतं."

बाबांनी ताईकडे बघितलं. ताई खिडकीबाहेर बघत होती. बाबांना माहीत होतं, हे मला त्यांच्या तोंडावरून त्या दिवशी कळलं. आईने सांगितलंच असणार. पण लेकीच्या या दुखण्याबद्दल बापाने बोलायचं तर कोणत्या शब्दांत? ते म्हणाले, "चामोर्शी लाईन, मागे सरका," आणि पुढे निघून गेले. मला इतका राग आला की मी पुढच्या सीटच्या कव्हरचा स्पंज उपटला. सरकारी होता, असू दे.

सिकलची बातमी घुग्घुसला कशी गेली हे विचारायची गरज नाही. आठवड्याच्या आत बायनाबाई आल्या. एकट्या. भाऊजींची शिफ्ट होती म्हणे. त्या बाजेवर बसल्या, आईने दिलेलं पाणी त्यांनी बाजूला ठेवलं.

"वाहक म्हणून सांगतली व्हती पोरगी," त्या म्हणाल्या. "आता पेशंट निघाली म्हणते. आमी का सोयरीक कराले मशीन घेऊन फिरावं?"

"तसं नाई बाई," आई म्हणाली.

"मंग कसं? तुमच्या गल्लीतली एक एक बाई सांगते. तपासणीत पाजिटिव निघालं का नाई?"

"निघालं," आई म्हणाली.

"मंग?" बायनाबाईंनी माझ्याकडे बघितलं, कारण मी तोंड उघडलं होतं. "तुमची लहानी लई बोलकी हाय. तिचंबी रक्त तपासून ठेवा आत्ताच. मी कोणाले वाईट नाई म्हणत, पण येकुलता येक पोरगा हाय माया. रविवारी विहारात बैठक लावतो. चार माणसं बसतील, काय ते मोकळं करून टाकू."

मोकळं करणं म्हणजे सोडचिठ्ठी. बैठकीत ठरतं, मग कोर्टाचं. ताई आतल्या खोलीत होती. ती बाहेर आली तेव्हा बायनाबाई चपला घालत होत्या. ताई त्यांच्या पाया पडायला वाकली, त्या म्हणाल्या, "राहू दे, सांधे दुखतील तुये." आणि त्या हे टोमण्याने नाही, खरंच काळजीने म्हणाल्या. तेच मला जास्त लागलं. जे दुखत नाही त्याची सगळ्यांना काळजी.

त्या गेल्यावर मी आईला म्हटलं, "सांगून टाक ना. सिकल नाही म्हण."

"आणि काय म्हणू? कोणत्या तोंडानं?"

"ज्या तोंडाने सिकल म्हटलं त्याच."

आई रडायला लागली. तिच्यावर चिडताही येईना. ती म्हणाली, "सिकल म्हटलं तं लोक कीव करतात. ते म्हटलं तं हसतील. म्हणतील, पोरीतच खोट हाय."

म्हणजे लोकांनी हसू नये म्हणून ताईचं लग्न मोडायचं, तेही तिला नसलेल्या आजारासाठी. मी ताईला म्हटलं, "तू तरी बोल." ताई म्हणाली, "माह्या दुखण्याले नाव कुठी हाय? सिकलले नाव हाय. नाव नाई त्याले आजार म्हणत नाई कोणी, नखरे म्हणते."

दुसऱ्या दिवशी शाळेत मी आफ्रीनला पकडलं. आफ्रीन माझ्या बाकावर बसते, तिच्या अब्बांचं कपड्याचं दुकान आहे आणि तिची फुफी म्हणजे आत्या, डॉ. नाहीद, चांद्याला जटपुरा गेटकडे दवाखाना चालवते. मी नाव न सांगता "एका बाईचं" म्हणून विचारलं. आफ्रीन म्हणाली, "रश्मीताईचं ना? फुफीला फोन लाव. पण ती जरा अजीब आहे हं. औषध द्यायच्या आधी डोकं खाते. तुला काय वाटते, तुला काय वाटते, नुसतं विचारते."

पीसीओवरून मी फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. सोळा ऑक्टोबरपासून पडद्यापर्यंत. पलीकडून कोणी मधे बोललं नाही. माझं झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "आणि तुझी ताई काय म्हणते?"

"ती बोलत नाही."

"तिला बोलायला कोणी जागा देते का?" मी पीसीओच्या मीटरकडे बघितलं. "घेऊन ये तिला. सासूला नको, आईला नको. तू आलीस तर बाहेर बसायचं."

जायचं कसं, हा प्रश्न बाबांनी सोडवला. डॉक्टरांचं मी त्यांच्या कानावर घातलं होतं, त्यावर एक शब्दही न बोलता. जेवताना म्हणाले, "मंगळवारी चांद्याची गाडी माह्याकडे हाय. त्या मोठ्या रक्त तपासणीसाठी दोघी बसून जा." आई म्हणाली मीपण येते. बाबा म्हणाले, "तू नको." एवढंच. बाबा आईला नको म्हणाले हे मी पहिल्यांदा ऐकलं.

दवाखाना लहान होता. डॉ. नाहीद ठेंगण्या, चष्मा डोक्यावर. मी उभी राहून सुरू केलं, "नमस्कार, मीच फोन केला होता, तर ताईला असं होतं की..."

"बाहेर," त्या म्हणाल्या.

इथे पडदा नव्हता, दार होतं. आतलं काही ऐकू येत नव्हतं. मी बाकावर बसले, उठले, भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर पाठ केलं, समोरच्या बाईच्या पोराशी भांडले. माझ्या पुढाकाराने हे सगळं झालं आणि मलाच काही कळू नये? ताई आत गेल्यावर माझ्यामागून आलेल्या दोन बाया कंटाळून बाजार करून परत आल्या, तरी ती आतच.

ती बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते. पण चालणं वेगळं होतं. मी म्हटलं, "काय झालं?" ती म्हणाली, "आधी चहा पाज."

चहाच्या टपरीवर तिने मला सांगितलं, जितकं तिला सांगावंसं वाटलं तितकं. डॉक्टरांनी आधी तपासलंच नाही. कागद बाजूला सारला आणि म्हणाल्या, सांग. ताई कितीतरी वेळ रडली, त्या बसून राहिल्या. मग ताईने सांगितलं. मग त्या म्हणाल्या, तपासायचं का? आज नको तर आज नाही. ताईच हो म्हणाली. कापसाच्या काडीने, अगदी हळू, इथे दुखते का, इथे, असं विचारत विचारत, आणि ताईने थांबा म्हटलं की त्या थांबत होत्या.

"दोन गोष्टी हायेत म्हणे," ताई सांगत होती. "सासूबाईनं न्हाणीत ते जंतू मारायचं औषध ठेवलं हाय ना, मी रोज त्याच्यानं धुवो, आपल्या घरीबी तेच आणलं, मले वाटे साफ नाई म्हणून दुखते. त्याच्यानं कातडी पोळली हाय. ते बंद, साधं पाणी, आणि मलम देल्लं. आणि दुसरं, व्हजायनिस्मस."

"काय?"

"व्हजायनिस्मस." तिने ते नाव असं नीट, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, जसं ती ते आतमध्ये पाठ करून आली होती. "पोटरीत गोळा येते ना आपल्या, तसा तिथल्या स्नायूंत गोळा येते. डॉक्टर म्हणे, पोटरीतला गोळा तू आणतेस का? तुले कोणी नखरेवाली म्हणते का? मंग हाबी तू नाई आणत. दुखणार या भीतीनं येते, आला का दुखते, दुखलं का अजून भीती."

"औषध?"

"गोळी नाई. व्यायाम हायेत, श्वासाचे, तो भाग ढिला सोडायचे. पुढं काही साधनं देणार हाय, आपलं आपण, हळूहळू. महिने लागतील म्हणे. बरं होते म्हणे पण, बहुतेक बायाइचं होते." ती कपात बघत होती. "तवर नवऱ्यासंग काही नाई. आणि त्याले घेऊन ये म्हणे. त्याले समजलं नाई तं फायदा नाई."

मी तिथल्या तिथे उठले. म्हटलं, "चल परत, हे सगळं लिहून घेऊ. रविवारी बैठकीत वाचते मी. बघते कोण हसते."

"मी विचारलं," ताई म्हणाली. "डॉक्टर म्हणे, मोठी तपासणी करून रक्ताचं मी लिहून देतो, पेशंट नाई, वाहक हाय. बाकीचं तुयं हाय. कोणाले सांगाचं ते तू ठरव. मी नाई, तुयी बहीणबी नाई."

मला काय राग आला. डॉक्टरला काय माहीत आमच्याकडची बैठक.

रविवारी विहारात सतरंजी अंथरली. डोमाजी मास्तर मधोमध, तेच आमच्यात सगळ्यांच्या बैठका चालवतात. एका बाजूला बायनाबाई आणि भाऊजी, दुसऱ्या बाजूला आम्ही. भागीरथाबाई आणि गल्लीतल्या चार बाया दारात. बाबांनी उभं राहून चांद्याहून आणलेला मोठ्या तपासणीचा कागद वाचला. पेशंट नाही. वाहक. जसं लग्नाआधी सांगितलं होतं तसंच.

डोमाजी मास्तरांनी कागद चष्म्याजवळ नेला, लांब नेला. "म्हणजे फसवणूक नाई."

बायनाबाईंचा चेहरा एकदम उघडला. "मंग झालं ना बापा. मी तं कितीक दिवसांची झोपली नाई. चाल रश्मी, भर पिशवी. चारची गाडी हाय."

आई हसली. बाबांनी श्वास सोडला. कोणीतरी चहा सांगितला. आणि माझं डोकं फुटायची वेळ आली, कारण आता ताईला न जायला कारणच उरलं नव्हतं. खोटं दुखणं काढून घेतलं आणि खऱ्याची कोणाला खबर नाही. मी उठायला गेले. ताईने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की मी खालीच बसले.

"मी आज येत नाई," ताई म्हणाली.

"उद्या ये," बायनाबाई म्हणाल्या.

"उद्याबी नाई. मले दुखते ते खरं हाय. सिकल नाई, दुसरं हाय. बायांचं हाय. डॉक्टर चालू हाय चांद्याले, महिने लागतील म्हणे." मग तिने भाऊजींकडे बघितलं. "ह्याइले माहीत हाय मले काय दुखते. हे सांगतील, नाटक हाय का खरं."

सगळे भाऊजींकडे वळले. त्यांची मान खाली. डोमाजी मास्तर खाकरले, जे ते फक्त अवघड जागी खाकरतात. "बायांचं म्हणजे ते बायांत बोला. इथी फक्त तारीख सांगा, पोरगी केव्हा येते."

"तारीख नाई जी," ताई म्हणाली.

दारातून भागीरथाबाई म्हणाल्या, "सिकल नव्हता तं माह्या पोराची पिशवी काऊन ठेवली इतके दिवस? त्याले परवा दुखलं तं मी बाटलीत पाणी भरून शेकलं." आई उठून त्यांच्याजवळ गेली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. ती काय बोलली मला ऐकू आलं नाही, पण भागीरथाबाईंनी तिच्याकडे पाठ केली.

"मंगळवारी दुपारी डॉक्टरनं बोलावलं हाय, दोघाइले," ताई भाऊजींना म्हणाली. "तुमची शिफ्ट कोणती?"

"सेकंड."

"बदलून घ्या."

भाऊजींनी बायनाबाईंकडे बघितलं. मग म्हणाले, "पाहतो." या एका शब्दावर बैठक उठली. पाहतो. मी वक्तृत्व स्पर्धेत असा शेवट केला असता तर मला खाली बसवलं असतं.

मंगळवारी आम्ही पोचलो तेव्हा ते आले होते. पण आत नाही, रस्त्यापलीकडे पानठेल्यापाशी, मोटारसायकलला टेकून. खाणीतून सरळ आल्यामुळे भुवयांपर्यंत काळे. मी रस्ता ओलांडून गेले.

"भाऊजी, आत चला."

"आत सगळ्या बाया हायेत."

"डॉक्टरपण बाईच आहे. खाणार आहे का तुम्हाला?"

"तू जा ना. मी हाय इथी."

डॉक्टरांनी टेबलासमोर दोन खुर्च्या ठेवल्या होत्या, मला दारातून दिसल्या. ताई एकीवर बसली आणि दार बंद झालं. मी बाकावर बसून खिडकीतून त्या माणसाकडे बघत राहिले. एवढ्या लांबून आला, शिफ्ट बदलून आला, आणि एक रस्ता ओलांडता येत नाही. त्याने दोन चहा प्यायले. एकदा पायरीपर्यंत आला, चपलांचा ढीग बघितला, परत गेला.

ताई बाहेर आली आणि सरळ त्यांच्याकडे गेली. मी अर्थातच मागे.

"काय म्हणे?" भाऊजींनी विचारलं.

"तुमाले काय वाटते, ते विचारलं. मले नाई सांगता आलं."

"मले?" त्यांनी तोंड पुसलं, ते अजून काळं झालं. "मले वाटे, तू माह्यापासून दूर जाते."

"दूर नाई जात. गोळा येते."

"कसा गोळा?"

"पुढच्या वेळेस आत येऊन विचारा."

ते हँडलवरचं हेल्मेट या हातातून त्या हातात करत राहिले. "पुढच्या मंगळवारी फर्स्ट शिफ्ट हाय. दोनले सुटतो." मग जरा थांबून, "माय विचारते, केव्हा येशील."

"दुखणं थांबलं का," ताई म्हणाली. "आणि मले यावं वाटलं का. दोन्ही झालं का येईन."

ते स्टँडपर्यंत सोडतो म्हणाले. ताई म्हणाली नको, विशाखा हाय, आमी पायदल जातो. मोटारसायकल गेली. मी म्हटलं, "आत आला असता तर काय बिघडलं असतं त्याचं?"

"तू जरा चुप राय," ताई म्हणाली. मेडिकलवाल्याकडे तिने स्वतः मलमाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "कशासाठी?" तिने तेही सांगितलं.